टाकीला हात लावू नका

जालना,
३ मार्च १९९६

चि. सुगंधा,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नको, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण तुझ्या दादाच्या, सर्जेरावांच्या दुकानातला फोन म्हणजे अर्धं मंठा ऐकतं, आणि आपल्या कोपऱ्यावरचा बूथवाला तर मध्येच तोंड घालून सल्ला देतो. म्हणून हे आंतरदेशीय. बियाणे कंपनीत एकतीस वर्षं काढली, पण प्लॉटच्या तपासणीचे अहवाल सोडून मी कधी काही लिहिलेलं नाही. अहवालासारखं वाटलं तर सुनेनं सासऱ्याला सांभाळून घ्यावं.

तू चार दिवस जाऊन येते म्हणालीस, आज अकरा झाले. शोकेसवरची तुझी काचेची टाकी ठणठणीत आहे. जाताना तू कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलंस: दिवा आठ तास, आठवड्याला एक हंडा पाणी, माशांना चिमटीभर खाणं. आणि खाली दोन रेघा मारून, 'टाकीला हात लावू नका.' पहिली तीन कलमं समजली. चौथं कोणासाठी आहे? घरात उरलो तीन माणसं. तुझ्या आत्याबाई त्या टाकीकडे बघतसुद्धा नाहीत. भुजंगला हात लाव म्हटलं तरी तो लावायचा नाही. म्हणजे बाण माझ्याकडेच दिसतो.

पण एक सांगतो. भुजंग बदलला आहे. मिलमधून आला की डबा ठेवायच्या आधी टाकीपाशी जातो. दिवा तोच लावतो. परवा तर त्यानं काच अशी लख्ख केली की मासे हवेत तरंगतात असं वाटावं. तुझा नवरा बोलत नाही एवढंच, बाकी त्याचा जीव टाकीतच आहे.

नळाला आज नववा दिवस. आज येणार म्हणून सकाळपासून सगळी गल्ली भांडी घेऊन उभी आहे. मी चार वेळा उठून तोटी फिरवून आलो. निवृत्त माणसाला बसवत नाही, काय करू.

न्यायला कधी यायचं ते कळव. भुजंग स्वतः येईन म्हणतो.

कारभारी


मंठा,
८ मार्च १९९६

ती. मामा,

नमस्कार. आत्याबाईंनाही सांगा, त्यांनी घेतला तर घेतला.

चौथं कलम तुमच्यासाठीच होतं. नाव कारभारी ठेवलं म्हणून प्रत्येक ठिकाणी कारभार केलाच पाहिजे असं नाही. मी तुमच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं बाटल्यांतली रोपं वाढवली, तेव्हा खिडकीतून तुम्ही शेतात कसे फिरता ते बघायची. एक झाड वेगळं दिसलं की मागं न बघता उपटून बांधावर! तिथंच तुम्ही मला सून म्हणून हेरलंत, मला वाटलं मी तरी बरोबर वाणाची निघाले.

काच आतून पुसली की बाहेरून? बाहेरून असेल तर यांना शाबासकी द्या. आतून पुसायची असली तर पाणी हलवायचं नाही. पाणी बदलताना चौथ्या हिश्शापेक्षा जास्त एकदम काढायचं नाही. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे औषधाचा वास उडतो. बोअरचं पाणी तर शक्यतो नकोच, त्यात खार फार. जावा फर्नची आडवी गाठ वाळूत पुरायची नाही, दगडाला दोऱ्यानं बांधलेली आहे तशीच राहू द्या. आणि पुढच्या बाजूची तपकिरी पानांची झुडपं, ती क्रिप्टो. त्यांना जागेवरून अजिबात हलवायचं नाही. ती माझी सगळ्यांत लाडकी आहेत.

मामा, तुम्ही चौकशी केलीत म्हणून लिहिते. त्या दिवशी नळाला बारावा दिवस होता. मी टाकीत ओतला तो हंडा घरातला शेवटून दुसरा होता, हे मला माहीत होतं. माझी चूक होती. आत्याबाई बोलल्या, "माणसं तहानेली अन् झाडं न्हाऊन राह्यली! उचल तुझं डबकं अन् जाय माहेराला!" ते मी विसरेनही. पण हे दारात उभे होते. हातात डबा होता. त्यांनी आईला एक शब्द म्हटला नाही आणि मलाही नाही. रागावले असते तरी चाललं असतं. लग्नाला तीन वर्षं झाली, त्या घरात मी कोणाची आहे हे त्यांनी एकदा तरी तोंडानं सांगावं एवढंच मला हवं होतं.

इथं वहिनी चांगली आहे, पण येणारी प्रत्येक बाई विचारते, "किती दिवस राहनार?" मी दादाच्या खत-बियाण्याच्या दुकानात जाऊन बसते, तिथून उठून घरी येते, घरून पुन्हा दुकानात. कुठंच बूड टेकत नाही. शेवटी बेंगळूरच्या एका प्रयोगशाळेत अर्ज टाकला आहे. तिथं ऑर्किडची रोपं बाटलीत वाढवतात. घेतलं तर जूनपासून जावं लागेल. हे तुमच्यापाशीच ठेवा.

मात्र तुम्ही लिहिलंत ते वाचून अर्जाचा जरा पस्तावा झाला. ते खरंच डबा ठेवायच्या आधी टाकीपाशी जातात?

तुमची,
सुगंधा


जालना,
१९ मार्च १९९६

चि. सुगंधा,

आशीर्वाद. जातो म्हणजे? जातोच! तू बेंगळूरचं नाव काढू नको. तिथली हवा थंड, माणसं कानडी, आणि भाताशिवाय खायला नाही.

टाकीची खबर अशी. सगळं ठीक आहे. क्रिप्टोची एकदोन पानं मध्यंतरी पिवळी पडली, पण भुजंगनं वेळीच ओळखलं. रोगट झाडं भेसळीसारखी उपटून टाकली आणि औरंगाबादहून नवी आणून लगेच नांग्या भरून घेतल्या. कपाशीचं बी उगवलं नाही की आठ दिवसांत त्या जागी दुसरं लावायचं, नाहीतर प्लॉट विरळ होतो, हे त्याला घरातूनच माहीत. शिवाय पान पिवळं म्हणजे नत्राची कमतरता, म्हणून त्यानं चिमटीभर युरिया दिला. तेव्हापासून मासे जरा सुस्त आहेत. उन्हाळा आहे, माणूसही सुस्तच असतो.

टाकीतून काढलेलं पाणी तुझ्या आत्याबाई गुपचूप कढीपत्त्याला घालतात. मी बघितलं तर म्हणाल्या, "सांडून काय करायचं?" कढीपत्ता मात्र असा फुटला आहे की शेजारची झुंबड लागते.

काल नळ आला, पण पंधराच मिनिटं. मी आणि भुजंग दोघं धावलो. न्यायला कधी येऊ दे त्याला?

कारभारी


मंठा,
२४ मार्च १९९६

ती. मामा,

तुमचं पत्र वहिनीला वाचून दाखवत होते. 'भेसळीसारखी उपटून टाकली' इथपर्यंत आले आणि पत्र मिटून ठेवलं.

मामा, तुमचे चिरंजीव काही टाकत नाहीत. त्यांच्या पहिल्या सायकलचं वाकडं चाक माळ्यावर आहे. लग्नातल्या सुपाऱ्या डब्यात आहेत. दांडा मोडलेल्या छत्रीवरून मी सहा महिने भांडले, ती अजून दाराआड उभी आहे. तो माणूस झाड उपटून टाकील? युरिया देईल? आणि नांग्या भरेल?

दिवा तुम्ही लावता. काच तुम्ही पुसलीत. 'न्यायला येतो' हेही तुम्हीच म्हणालात, त्यांच्या तोंडून.

मी दोन आठवडे या घरात मान वर करून फिरले. वहिनीला सांगितलं, बघ, आमचे हे बोलत नाहीत पण आतून बदललेत. सर्जेरावदादाला म्हटलं, बेंगळूरचं राहू दे. आता त्यांना काय सांगू? मला राग आला आहे, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटते आहे. तुमच्यावर माया आहे म्हणून एवढंच लिहिते. यापुढं त्यांच्या नावानं एक ओळ लिहू नका. आणि टाकीचं जे खरं असेल ते लिहा, नाहीतर काहीच लिहू नका.

सुगंधा


जालना,
२ एप्रिल १९९६

चि. सुगंधा,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. तुझं पत्र पोस्टमननं दिलं तेव्हाच मी ओळखलं होतं. आता तपासणी अहवाल खरा देतो, एकही आकडा न बदलता.

तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी मी टाकी रिकामी केली. रांजण घासतात तशी आतून घासली. वाळू तीन पाण्यानं धुतली. आणि बोअरचं पाणी भरलं, सगळंच्या सगळं. मनात हे की घर पाण्यावरून पेटलं, तर सून यायच्या आत टाकी नवीकोरी दिसावी. झाडं वेडीवाकडी उगवलेली बघवेनात म्हणून पट्टी घेतली आणि चौफुलीवर लावली, उभी-आडवी दोन्हीकडून ओळ सरळ. जावा फर्नची गाठ हळदीच्या गड्ड्यासारखी खोल पुरली. तुझं 'पुरू नका' आलं तेव्हा ती सडली होती.

पाचव्या दिवसापासून क्रिप्टो विरघळायला लागल्या. पानाला बोट लावावं तर शेंबडासारखं हाताला यायचं. मी घाबरलो. उपटल्या, औरंगाबादहून नव्या आणल्या, त्याही आठ दिवसांत विरघळल्या. पुन्हा उपटल्या, पुन्हा आणल्या. तीनदा नांग्या भरल्या, सुगंधा. शेतात असतो तर लोक हसले असते. मासे सुस्त नाहीत. सातातले चार मेले.

भुजंगचं खरं हे, की तो काहीच करत नाही. मिलमधून येतो, डबा ठेवतो, टाकीसमोरच्या स्टुलावर बसतो. मी झाडं उपटत असलो की माझ्या हातांकडे बघतो आणि उठून बाहेर जातो. मी म्हटलं, "आरे, दोन ओळी तरी लिही तिला." तर म्हणाला, "काय लिहू आप्पा?"

आणखी एक. हे लपवणार होतो, पण खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. माझा चुलतभाऊ काकासाहेब परवा येऊन गेला. त्याच्या पाहण्यात एक मुलगी आहे. ओसरीवर बसून म्हणाला, "कारभारी, तूच सांगत आलास ना जल्मभर? रोप लागलं न्हाई तर वाट बघत बसायचं न्हाई. सोडचिठ्ठी घ्या अन् नांग भरून टाका."

शेकडो शेतकऱ्यांना मी हे वाक्य बांधावर उभं राहून ऐकवलं आहे. ते माझ्याच ओसरीवर परत येईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या आत्याबाई चहाचे कप उचलून आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. भुजंग चप्पल घालून निघून गेला.

मला रागव, पण उत्तर दे.

कारभारी


मंठा,
९ एप्रिल १९९६

ती. मामा,

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही झाडांचं खरं सांगते. तुमच्या क्रिप्टो मेल्या नव्हत्या.

त्या झाडाची खोडच अशी. पाणी बदललं की ते सगळी पानं टाकून देतं. आपण नाही का म्हणत, अमक्याला त्या गावचं पाणी मानवलं नाही, तसं. आठ दिवसांत टाकीत नुसता चिखल दिसतो. पण वाळूखालचं मूळ जितं असतं. त्याला तसंच राहू दिलं तर महिना-दीड महिन्यात ते नवीन पाण्याच्या जोगी नवी पानं काढतं. तुम्ही तिन्ही वेळा जितं झाड उपटून फेकलंत आणि त्या जागी दुसरं आणलंत, ज्याला पुन्हा तेच पाणी नवीन. अशानं शंभर वेळा नांग्या भरल्या तरी टाकी रिकामीच राहणार. भरण्याआधी एकदा तरी मूळ चाचपून बघितलं का?

काकासाहेबांनाही हेच विचारा. मी लग्न करून तुमच्या घरात आले तेव्हा मलाही पाणी मानवायला वेळ लागत होता. प्रयोगशाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, दिवसभर नळाची वाट बघायची. वरून पानं झडलेली दिसली असतील. म्हणून काय उपटायचं होतं?

माफ करा, तुमच्यावर ओरडले. काकासाहेबांचं वाचल्यापासून कामात लक्ष नाही. दुकानात काल एकाला तुरीच्या जागी मुगाची पिशवी दिली.

बेंगळूरचं पत्र आलं आहे. त्यांनी घेतलं. पंचवीस मेपर्यंत हो-नाही कळवायचं आणि एक जूनला हजर व्हायचं.

टाकीत एखादी मुळी उरली असेल तर चाळीस दिवस तिला बोट लावू नका. नसेल उरली तर राहिलं. आणि तुम्ही मला न्यायला येऊ नका. तुमच्याबरोबर मी आले तर ते दाराशी तसेच उभे राहतील, हातात डबा घेऊन. जे वाक्य त्यांनी त्या दिवशी आत्याबाईंना म्हणायला हवं होतं ते त्यांनी म्हणावं. तुम्ही त्यांना शिकवू नका. शिकवलेलं मला लगेच कळतं.

सुगंधा


अंतरवाली सराटी,
६ मे १९९६

चि. सुगंधा,

तुझं नऊ एप्रिलचं पत्र मला आज मिळालं. पाकिटावर तारीख बघून कपाळावर हात मारून घेतला.

झालं असं, की घरात बसवेना म्हणून मी आठ एप्रिललाच गावाकडे आलो. शेतातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचायच्या होत्या, नांगरट होती. तुझं पत्र माझ्या नावावर, म्हणून तुझ्या आत्याबाईंनी ते न फोडता बाजूला ठेवलं आणि काल गावाकडे येणाऱ्या एकाच्या हाती दिलं. भुजंगनंही फोडलं नसणार. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा त्याचा स्वभाव नाही.

आता वाईट बातमी. निघताना मी शेवटच्या तीन क्रिप्टो उपटून बादलीत टाकल्या होत्या. भुजंगला म्हणालो, "हे समदं फेकून दे. टाकी इकून टाक. बघून बघून डोकं फिरायची येळ आली." तो म्हणाला, "हौ." आज त्याला महिना झाला. बादलीत टाकलेलं झाड महिनाभर कोण ठेवतं? तेव्हा तुझी एकही मुळी उरली नाही, आणि हे माझ्याच हातानं झालं.

पत्र वाचून मी बांधावर जाऊन बसलो. एकतीस वर्षांत किती झाडं उपटली असतील याचा हिशेब नाही. त्यातली कितीक नुसती उशिरा पान काढणारी असतील. माझं काम एका फेरीत संपायचं, दुसऱ्या फेरीला कधी थांबलोच नाही. माणसांच्या बाबतीतही तसंच केलं असेल. भुजंग लहानपणी उशिरा बोलायला लागला. तो एक शब्द काढायच्या आत मी त्याचं वाक्य पुरं करायचो. आता तो माझ्या घरात बोलतच नाही, आणि मी बसून त्याच्या नावानं पत्रं लिहितो.

तू बेंगळूरला जा. हे मी रागानं लिहीत नाही, रडत लिहितो आहे. तुला मी हेरून आणली आणि नीट लागू दिली नाही. तिकडचं पाणी तुला मानवो. जाण्याआधी मला भेटायला येऊ देशील का? टाकीतल्या कशालाही हात लावणार नाही, हे आता सांगण्यात काही अर्थ नाही.

मी अकरा तारखेला जालन्याला जातो.

कारभारी


जालना,
१४ मे १९९६

सुगंधास,

मला पत्र लिहिता येत नाही. हे चौथं. आधीची तीन ठेवली आहेत.

आप्पा गावाला जाताना फेकून दे म्हणाले. मी हो म्हणालो. फेकलं नाही. मला काही फेकता येत नाही, तुला माहीत आहे. बादलीत तीन मुळ्या होत्या. पान एकही नव्हतं. एकीला पांढरं टोक होतं. तिन्ही परत वाळूत खोचल्या. ओळीत नाहीत, जमल्या तशा.

कॅलेंडरमागचं तुझं वाचलं. दिवा आठ तास. लाईट गेली की तेवढा वेळ नंतर वाढवून देतो. हंडा एक. नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं ठेवतो, तू ठेवायचीस तसं. हात लावला नाही. मुळी जिती असते हे मला माहीत नव्हतं. तुझं पत्र आप्पांनी परवा दाखवलं तेव्हा कळलं. मी नुसता बघत होतो.

बावीस एप्रिलला एक पान आलं. नखाएवढं, तपकिरी. मला आधी माशाची घाण वाटली. आज सात पानं आहेत. दोन मुळ्यांना आहेत, तिसरीला नाहीत. ती पण ठेवली आहे. मासे तीन आहेत. जावा फर्न मेली. दगड आणि दोरा ठेवला आहे.

आप्पा अकराला आले. टाकी बघून खालीच बसले. तेव्हापासून समोर बसतात. हात मांडीखाली दाबून ठेवतात.

गेल्या महिन्यात नळाला दहा दिवस झाले होते. मी टाकीत हंडा ओतत होतो. माय म्हणाली, "आरं, प्यायला न्हाई अन् तू बी डबक्यात वतून राह्यला?" मी म्हणालो, "माय, एक हंडा तिचा हाय. ती घरात आसली तरी अन् नसली तरी." मायनं हातातला तांब्या खाली ठेवला. मंग म्हणाली, "मंग तुझ्या एका हंड्यापायी आमी काय करावं?" मी म्हणालो, "माझा घे." तेव्हापासून आंघोळ मिलमध्येच करतो. तिथं टँकर येतो. माय आता काढलेलं पाणी मागून घेते, कढीपत्त्याला. परवा मला विचारत होती, "ती फोनबिन करती का रं?"

काकासाहेब पुन्हा आल्ते. मी म्हणालो, "काका, नांग पडलीच न्हाई तर भरायची काय?" ते चहा न पिता गेले.

हे त्या दिवशी दारात बोलायला पाहिजे होतं. मला उशीर लागतो. आप्पांनी शिकवलं नाही. ते तेव्हा गावाला होते.

बेंगळूरला जायचं असलं तर जा. टाकी मी सांभाळतो. यायचं असलं तर न्यायला येतो. दिवस सांग.

भुजंग


मंठा,
१८ मे १९९६

अहो,

पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं. मग घरी येऊन दार लावून वाचलं. मग वहिनीला वाचून दाखवलं, 'माझा घे' इथं ती रडली, मी नाही. मी नंतर रडले. तीन महिन्यांत आज पहिल्यांदा बसून, पोटभर जेवले.

आधीची तीन पत्रं मला हवी आहेत. खोडलेली असली तरी.

न्यायला येऊ नका. राग मानू नका, नीट ऐका. तुम्ही नेलंत तर मी आणलेली होईन. मला आलेली व्हायचं आहे. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी एकटी येते. आत्याबाईंना सांगून ठेवा, शेवटून दुसऱ्या हंड्याची माफी मी स्वतः मागणार आहे. त्यांना काय म्हणायचं असेल ते त्यांनीही म्हणावं, पण दारात नको, आत बसून.

बेंगळूरला नको म्हणून आजच लिहिलं. आणि मामांच्या जुन्या कंपनीत, प्रयोगशाळेसाठी अर्ज टाकला. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे. घेतलं नाही तर पुन्हा टाकीन. दिवसभर नळाची वाट बघत बसणं मला मानवत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. मलाही उशीरच लागला.

गुरुवारपर्यंत कसे दिवस काढायचे कळत नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, वहिनी दोनदा अडखळली.

माझा हंडा भरून, दिवसभर उघडा ठेवा. तिसऱ्या मुळीला पान आलं असलं तरी कळवू नका, मी येऊन बघीन. आणि तोवर कुणीही टाकीला हात लावू नका. तुम्हाला हे सांगावं लागत नाही. मामांना वाचून दाखवा, मांडीखालचे हात मी आल्यावर सोडा म्हणावं.

तुमची,
सुगंधा